आधी आवड मोजली, मग हेडफोन घेतला

माझ्या जुन्या हेडफोनच्या कानावरच्या उशांची कातडी सुटून तिचे काळे कपचे गालाला चिकटायला लागले, तेव्हा नवीन हेडफोन घ्यायचा हे ठरलंच होतं. कुठला घ्यायचा हे मात्र काही केल्या ठरेना. जितक्या जाणकारांना विचारावं तितकी नावं, आणि प्रत्येकाचं म्हणणं ऐकताना पटायचं. कुणी म्हणायचं डिटेल बघ, कुणी म्हणायचं बेस नसेल तर ऐकायचं काय. एकाने तर वायरचा हेडफोन आता कोण घेतं, असं म्हणून विषयच मिटवला.

ध्वनिमिश्रणाचं काम करणारा माझा एक मित्र आहे. त्याला विचारलं, तर त्याने नाव सांगायच्या ऐवजी मलाच विचारलं, "अरे, तू ऐकतोस काय? आणि त्यातलं तुला नेमकं काय आवडतं?" पहिल्याचं उत्तर सोपं होतं. बहुतेक वेळ ख्याल आणि ठुमरी, थोडी सतार-सरोद, जुनी भावगीतं, मधूनच अलीकडची सिनेमातली गाणी आणि रात्री झोपताना एखादं ऐकायचं पुस्तक. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी 'गोड आवाज', 'स्वच्छ आवाज' यापलीकडे जाऊ शकलो नाही. त्याने मग एक उद्योग लावून दिला. नवीन काहीही घ्यायच्या आधी, आहे त्याच हेडफोनवर इक्वलायझर, म्हणजे आवाजातला एकेक पट्टा वरखाली करता येणारा ईक्यू, लावून बस, आणि काय वाढवलं की बरं वाटतं, काय कमी केलं की बरं वाटतं ते लिहून काढ.

हा सल्ला मला फार उपयोगी पडला. एक हेडफोन काढून दुसरा घातला की एका दमात सगळंच बदलतं: वजन, कानावरचा दाब, आवाजाची पातळी, आणि नवीन वस्तू हातात आल्याचा उत्साह. त्यात आवाजातलं नेमकं काय आवडलं हे शोधणं अवघड. ईक्यूत एका वेळी एकच गोष्ट हलवता येते. त्यातही पॅरामेट्रिक ईक्यू हवा. कुठल्या कंपनांवर, किती डेसिबल आणि किती रुंद पट्ट्यात, या तिन्ही गोष्टी त्यात आपल्या हातात असतात. फोनमधले 'रॉक', 'जॅझ', 'व्होकल' असे तयार पर्याय या कामाला बिनकामाचे. एक काळजी घ्यायची. कुठलीही पट्टी जेवढी वाढवायची असेल तेवढी एकूण पातळी आधी खाली आणायची, नाहीतर आवाज फाटतो आणि आपण दोष त्या पट्टीला देतो.

सुरुवात खर्जापासून केली. शंभर हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांच्या, खालचा भाग चार डेसिबलने वर उचलला. सिनेमातल्या नव्या गाण्यांना एकदम पोट आलं, मजा आली. मग एका मैफलीचं ध्वनिमुद्रण लावलं, तर डग्ग्याची प्रत्येक मींड गायकाच्या अंगावर येऊन बसायला लागली. विलंबितात समेच्या आसपास शब्दच कळेनात. म्हणून उलटं करून पाहिलं. पन्नास हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकलं. ख्यालात काहीच गेलं नाही! जरा हिशेब केला तेव्हा कारण लक्षात आलं. काळी एकचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर असतो. पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९च्या आसपास. काळी पाचला गाणाऱ्या बाईंचा षड्ज २३३वर. म्हणजे मी दिवसातला बहुतेक वेळ जे ऐकतो, त्यात साठ हर्ट्झच्या खाली फारसं काही घडतच नाही. ज्या खोल बेससाठी लोक एवढा जीव टाकतात, तो माझ्या ऐकण्यात मुळात नाहीच. हेडफोन निवडायच्या दृष्टीने ही फार मोठी सुटका होती, कारण ओपन-बॅक, म्हणजे पाठीमागून उघड्या, हेडफोनांची दुखरी बाजू बहुधा तीच असते.

त्यानंतर दोनशे-तीनशे हर्ट्झचा पट्टा. इथे गळ्याला छाती मिळते. दोन डेसिबल वाढवल्यावर जुनी, पातळ वाटणारी भावगीतं भरली. चार वाढवल्यावर सगळं गढूळ झालं. तीन किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा नाजूक निघाला. तिथे तीन डेसिबल वाढवले की गायक ओरडायला लागतो आणि पेटी नाकात बोलते. तीन कमी केले की गायक दोन रांगा मागे जातो. मला एक-दीड डेसिबल कमी बरं वाटलं, त्याहून जास्त नाही.

आणि मग सहा ते नऊ किलोहर्ट्झ, म्हणजे स, श, च यांची सळसळ, तबल्याच्या चाटेची धार, जुन्या टेपची खरखर आणि तानपुऱ्याची जवारी यांचा इलाखा. माझा कान इथेच दुखतो हे या खटाटोपात पहिल्यांदा स्पष्ट झालं. साडेसहाच्या आसपास तीन डेसिबल उतरवले की मी तासभर निवांत ऐकू शकत होतो. तेच तीन वाढवले की विसाव्या मिनिटाला कपाळावर आठ्या. पण फार कापूनही चालत नाही. जवारीचा सगळा खेळ वरच्या स्वरांशांवर असतो. घोडीवर तारेखाली सूत सरकवून तो जो झणत्कार काढलेला असतो, तो पाच-सहा डेसिबल कापले की नुसता गुंजारव होऊन राहतो. तीन डेसिबलपर्यंत जवारी जिवंत राहते आणि 'श' टोचत नाही. माझ्या वहीत या आकड्याला मी दोनदा अधोरेखित केलंय.

दहा किलोहर्ट्झच्या वर काय केलं यात मला फारसा फरक कळला नाही. वयाबरोबर वरची कंपनं ऐकू येणं कमी होत जातं, आणि माझंही वय झालेलं आहे. खोक्यांवर चाळीस किलोहर्ट्झपर्यंतचे आकडे छापलेले असतात. माणसाचा तरणा, निरोगी कान वीसपर्यंत पोचतो. त्या आकड्यावरून निवड करणाऱ्यांना माझा नमस्कार.

हे सगळं करताना आवाजाची पातळी एकच ठेवणं गरजेचं होतं. हळू आवाजात खर्ज आणि अगदी वरची टोकं आपल्याला मधल्या पट्ट्यापेक्षा कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच हे आलेख काढून दाखवलं होतं. त्यामुळे दुपारी मोठ्याने ऐकून ठरवलेलं रात्री हळू ऐकताना पातळ वाटतं. मी रात्रीच जास्त ऐकतो, तेव्हा प्रयोगही रात्रीच्याच पातळीवर केले. तसंही जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे, आणि ९० डेसिबलवर ती थेट चार तासांवर येते. मोठ्याने ऐकून आवडणारा हेडफोन माझ्या काय कामाचा?

हातात आकडे आल्यावर मोजणीचे आलेख, म्हणजे हेडफोन कुठली कंपनं किती मोठ्याने वाजवतो ते दाखवणाऱ्या रेघा, वाचणं एकदम सोपं झालं. तोवर ते मला डोंगररांगांसारखे दिसायचे. आता मी थेट ठरलेल्या जागी बघत होतो: शंभरच्या खाली फुगवटा आहे का, तीन किलोहर्ट्झवर किती चढ, साडेसहाच्या पुढे सुळका आहे का. या आलेखांत हटकून भेटणारी एक रेघ म्हणजे हार्मन कर्व्ह. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हार्मन कंपनीत अनेक श्रोत्यांना ऐकवून, त्यांना काय आवडतं ते विचारून ती रेघ काढली. तीन किलोहर्ट्झच्या आसपास तिला मोठा उंचवटा आहे. तो पाहून मी आधी चपापलो होतो. पण समोरच्या स्पीकरमधून येणारा आवाज आपल्या कानाची पाळी आणि कानाची नळी मिळून त्या भागात वाढवतातच. हेडफोन कानाला लागूनच असल्याने त्याला ती भर स्वतः घालावी लागते. आलेखात तो चढ नसेल तर आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा वाटतो.

मला जास्त रस वाटला तो त्यांच्या २०१८च्या अभ्यासात. त्यात श्रोत्यांचे तीन गट पडले. ६४ टक्क्यांना ती रेघच पसंत होती, १५ टक्क्यांना त्याहून जास्त बेस हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. माझी वही सरळ सांगत होती की मी त्या २१ टक्क्यांतला. म्हणजे लोकांचं ऐकून 'सर्वांना आवडणारा' हेडफोन घेतला असता, तर तो बहुधा माझ्यासाठी नव्हताच. आलेखांना एक मर्यादा आहे तीही सांगतो. आठ-नऊ किलोहर्ट्झच्या वर प्रत्येकाच्या कानाचा आकार आणि हेडफोन कानावर कसा बसलाय यावर बरंच अवलंबून असतं, त्यामुळे तिथले छोटे चढउतार मी सोडून दिले.

यादी आखूड झाली. मग ओळखीपाळखीच्यांकडून आणि ऐकून बघायची सोय होती तिथून एकेक हेडफोन मिळवून ऐकला. दोन हेडफोनांची तुलना करताना जो थोडा जास्त मोठ्याने वाजतो तो चांगला वाटतो. एखाद-दीड डेसिबलचा फरकही 'मोठा' असा जाणवत नाही, 'जास्त सुंदर' असा जाणवतो. यावर मी घरगुती तोड काढली. गायिकेने आलापीच्या सुरुवातीला लावलेला एक लांब षड्ज निवडला आणि प्रत्येक हेडफोनवर तो सारख्याच मोठ्याने ऐकू येईपर्यंत आवाज जुळवला, मगच पुढे गेलो. तबल्यावर जुळवायचं नाही, कारण तिथे बेस जास्त असलेला हेडफोन फसवतो.

बंद पाठीच्या हेडफोनांत ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ऐकला. सिनेमातल्या गाण्यांना झकास. बाहेरचा आवाज फारसा आत येत नाही, आतला फारसा बाहेर जात नाही. पण डग्गा माझ्या वहीतल्या मर्यादेपलीकडे. गंमत चष्म्याची झाली. उशी आणि कानशील यांच्या मधून चष्म्याची काडी जाते, तिथे बारीकशी फट राहते आणि बंद हेडफोनचा बेस तिथून निसटतो. चष्मा काढला की डग्गा दाणकन परत. चष्मा घालून एक हेडफोन आणि काढून दुसरा, असं म्हणा ना! चष्मेवाल्यांनी बंद पाठीचा हेडफोन चष्मा घालूनच ऐकून बघावा, एवढं नक्की.

बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो कानावर चढवल्यावर पहिली पाच मिनिटं मी हरखून गेलो. मखमली उशा, २५० ग्रॅम वजन, डोक्यावर काही आहे असं वाटतच नाही. आणि तानपुरा! चारही तारा वेगवेगळ्या, प्रत्येकीची जवारी चमचमणारी. त्याच उत्साहात एक जुनं भावगीत लावलं, तर आधी टेपची खरखर आली आणि तिच्या मागून गायिका. 'श'ला धार होती. वरच्या पट्ट्यातला त्याचा चढ मुद्दाम दिलेला आहे, त्याचे चाहते जगभर आहेत, आणि ध्वनिमुद्रणातल्या चुका पकडायला तो उत्तमच. माझ्या त्या तीन डेसिबलच्या नोंदीच्या मात्र तो बरोबर उलट्या दिशेला होता. तास व्हायच्या आत मी तो उतरवला.

हायफायमॅनच्या सुंदाराने खरा पेच टाकला. तो प्लेनर जातीचा, म्हणजे आत घुमटाच्या आकाराचा पडदा नसून चुंबकांच्या रांगेसमोर ताणलेला अतिपातळ पडदा. द्रुत लयीतला तिरकिट त्यावर ऐकावा. एकेक अक्षर सुटं, तरी बोल तुटत नाही. तबल्याच्या शाईमुळे त्याचे वरचे स्वरांश सुरेल पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्ये दाखवलं होतं. शाई नसलेल्या बहुतेक चर्मवाद्यांना स्पष्ट सूर नसतो नि तबल्याला असतो तो त्यामुळे. सुंदारावर दायाँचा, म्हणजे उजव्या तबल्याचा, तो सूर थापेनंतरही रेंगाळताना ऐकू येत होता. घ्यावा असं फार वाटलं. पण गळा जरासा मागे बसतो, एक-दोन किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तो थोडा दबलेला आहे म्हणून. आणि वजन ३७२ ग्रॅम. अर्ध्या तासानंतर टाळूला कळतं. वादनच ऐकणारा असतो तर मी पुढे शोधलंच नसतं.

सेनहायझरचा एचडी ६५० हा २००३ सालचा हेडफोन. एवढी जुनी वस्तू आजही लोक का घेतात, असा प्रश्न मनात घेऊनच मी तो घातला. पहिला परिणाम निराश करणारा. नव्या उशा घट्ट, कानशिलांवर दाब, वरची चमक गेलेली, आणि सगळं गाणं कपाळाच्या अगदी जवळ. ओपन-बॅक म्हणून जो ऐसपैस मोकळेपणा अपेक्षित होता, तो इथे बेताचाच. डीटी ९९० नंतर लगेच ऐकल्यामुळे तर आणखीच मंद वाटला. म्हणून त्या दिवशी तुलना बंद केली आणि दुसऱ्या दिवशी फक्त हाच ऐकला.

ठुमरीत एक जागा आहे, माझ्या नेहमीच्या चाचणीतली. गायिका एका शब्दावर थांबते, श्वास घेते, आणि त्याच शब्दाचा शेवटचा स्वर पंचमावरून खाली घसरत आणते. घसरताना आवाजाचा जोर कमी होत जातो आणि शेवटी सारंगी तो स्वर उचलून घेते. बाकीच्या हेडफोनांवर गळा संपला आणि सारंगी सुरू झाली हे कळत होतं. इथे गळा बारीक होत जाताना त्याचा पोत शेवटपर्यंत टिकला, आणि सारंगी त्याच पोतातून वर आली. काही क्षण दोघींपैकी कोण गातंय ते सांगता येईना. मी ती जागा पुन्हा लावली, मग पुन्हा. श्वासही ऐकू आला, पण तो पुढे येऊन मिरवला नाही. वही काढून आलेखाशी ताडून बघितलं. शंभरच्या जरा वर भरीवपणा, तीनच्या आसपास बेताचा चढ, साडेसहाच्या पुढे शांत, आणि पन्नासच्या खाली उतरती कळा. मी ईक्यूवर हाताने जे घडवलं होतं त्याच्या अगदी शेजारचं. हाच घेतला.

त्याचा थोरला भाऊ एचडी ६०० हा १९९७चा. बरेच जण त्याला जास्त प्रामाणिक मानतात, आणि ते खरं असावं. त्यावर बायकांचे आवाज किंचित पुढे येतात. मला तो किंचितच नको होता. दोन्हींत फरक थोडा आहे, त्यावर वाद घालणाऱ्यांचा उत्साह मोठा आहे.

एचडी ६५०च्या तीनशे ओहमचा, म्हणजे त्याच्या विद्युतरोधाचा, बाऊ केला जातो, त्याबद्दल थोडं. ओहम जास्त म्हणजे साधारणपणे तेवढ्याच आवाजाला व्होल्टेज जास्त लागतं. फोनला लावायच्या साध्या डोंगलवर माझ्या रात्रीच्या पातळीपुरता आवाज व्यवस्थित येतो. अडचण जुन्या, हळू मुद्रित केलेल्या मैफलींची. ईक्यूसाठी पातळी खाली आणली की फोनचा आवाज शेवटपर्यंत वाढवूनही कमी पडतं. म्हणून एक छोटा अॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारा डबा, घेतला. तो घेताना एवढंच बघितलं की त्याचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा रोध, हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशापेक्षा कमी आहे. तीनशे ओहमच्या हेडफोनला ही अट जवळपास कुठलाही अॅम्प पुरी करतो. वीस-तीस ओहमच्या हेडफोनांना ती खरी जाचक. अॅम्पने आवाजाचा पोत बदलतो, असं मला आढळलं नाही. महागड्या केबलींबद्दल तर बोलायलाच नको. तीनशेवीस केबीपीएसचं एमपीथ्री आणि लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेली, फाइल यांतला फरकही डोळे मिटून मला ओळखता आला नाही, तेव्हा तो खर्च जास्त चांगली ध्वनिमुद्रणं मिळवण्यावर केलेला बरा. हेडफोन शंभर तास वाजवून 'मुरवावा' लागतो म्हणतात. मुरतात त्या उशा आणि आपले कान. कानशिलांवरचा दाब काही आठवड्यांत बराच सैलावला, आणि उशा दबल्यावर कान पडद्याच्या किंचित जवळ आले, एवढं खरं.

आता माझ्या फोनमध्ये ईक्यूच्या दोनच जोडण्या आहेत. पहिली ख्याल-ठुमरीची, तिच्यात जवळजवळ काहीच हलवलेलं नाही. दुसरी सिनेमातल्या गाण्यांची, साठच्या खाली चार डेसिबल चढवलेली. त्याहून जास्त मागितलं तर पडदा कुरकुरायला लागतो. हा हेडफोन बाहेर मात्र न्यायचा नाही, कारण शेजारी बसलेल्याला आपल्याइतकंच गाणं ऐकू जातं. प्रवासासाठी वायरलेस, गोंगाट दाबणारे इन-इअर ठेवलेत. इंजिनाची एकसुरी घरघर ते छान गिळतात, शेजारच्यांच्या गप्पा तेवढ्या गिळत नाहीत. त्यांवर मी ख्याल लावत नाही, पुस्तक ऐकतो.